अर्ज : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

पत्रवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे निघते तेव्हां प्रेमपत्रें येतात, प्रवासपत्रें येतात, तुरुंगांतून लिहिलेलीं पत्रेंहि येतात. पण ज्या एका पत्रावर लिहिणाराच्या साऱ्या आयुष्याची दिशा अवलंबून असते, त्या अर्जाकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. अर्ज म्हटला कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती कचेरी, तो मुद्रांकाचा कागद आणि शेवटचें तें ‘आपला नम्र सेवक’. अशा कागदांत वाङ्मयगुण शोधणें म्हणजे पंचांगांत काव्य शोधण्यापैकीं आहे, असें पुष्कळांस वाटेल. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. कोणास उद्देशून लिहावयाचें, आपल्याविषयीं किती बोलावयाचें आणि जें ठाऊक नाहीं तें कसें सांगावयाचें, हे जे लेखनकलेचे तीन जुने पेंच, ते अर्जाइतके उघडे दुसऱ्या कोणत्याहि लेखनांत पडत नाहींत. कादंबरी फसली तर लेखक दुसरी लिहितो. अर्ज फसला तर पुष्कळदां माणूसच दुसऱ्या वाटेला लागतो.

त्यांतहि एका विशिष्ट अर्जाविषयीं येथें लिहावयाचें आहे. डॉक्टरेट मिळवून दुसऱ्याच्या प्रयोगशाळेंत चार-सहा वर्षें उमेदवारी केलेला तरुण शास्त्रज्ञ स्वतःचा स्वतंत्र संशोधनगट काढूं इच्छितो, तेव्हां त्याला जो अर्ज करावा लागतो तो. वरवर पाहतां ही नोकरीची मागणी. पण वस्तुतः तो नोकरी मागत नसतो. कोणता प्रश्न विचारावयाचा हें ठरविण्याचा अधिकार तो मागत असतो, आणि त्या अधिकाराचा खर्च दुसऱ्यानें सोसावा असें म्हणत असतो. अडचण ही कीं, ज्याचें उत्तर ठाऊक आहे तो प्रश्न संशोधनाचा नव्हे. आणि ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं त्यासाठीं पैसा मागतांना मात्र उत्तर हाताशीं आल्यासारखें लिहावें लागतें. घरासाठीं कर्ज काढणारा नकाशा दाखवितो. विहीर खणणारा पाणाड्याचा हवाला देतो. या अर्जदाराजवळ नकाशा नाहीं, आणि पाणाड्याहि तोच!

प्रकार नवा नाहीं. १६१० च्या जानेवारींत गॅलिलिओला गुरूभोंवतीं फिरणारे चार उपग्रह दिसले. त्यानें त्यांस फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचें नांव दिलें, मार्चमध्यें त्यांच्यावर लहानसें पुस्तक काढून तें तरुण ग्रँड ड्यूक कोझिमो याला अर्पण केलें, आणि मे महिन्यांत ड्यूकचा चिटणीस विंता याला एक लांब पत्र लिहून आपल्या मागण्या कळविल्या. पादुआस अठरा वर्षें शिकवून त्याला शिकवणीचा वीट आला होता. त्या ओझ्यांतून सुटका, ग्रंथ लिहिण्यास सवड, आणि ‘गणिती’ या पदाबरोबर ‘तत्त्वज्ञ’ हें पद त्याला हवें होतें. हा पदाचा हट्ट मानपानासाठीं होता असें समजूं नये. त्या काळच्या समजुतीप्रमाणें ग्रह कोठें दिसतील तें गणित्यानें सांगावें. विश्व खरोखर कसें आहे हें बोलण्याचा मान तत्त्वज्ञाचा. गॅलिलिओनें तो मान मागितला आणि जुलैमध्यें त्याला तो मिळाला. पण तो तेव्हां छेचाळीस वर्षांचा होता, आणि ओंजळींत चार चंद्र घेऊन दाराशीं आला होता. ज्याच्या ओंजळींत एकहि चंद्र नाहीं त्यानें काय लिहावें?

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आपल्याच मुंबईच्या इतिहासांतलें एक पत्र काळजीपूर्वक वाचण्यासारखें आहे. १२ मार्च १९४४ रोजीं होमी भाभांनीं सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांस तें लिहिलें. भाभा तेव्हां चौतीस वर्षांचे होते. १९३९ सालीं ते केंब्रिजहून सुटींत घरीं आले, महायुद्ध पेटलें आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हां बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें रामन यांच्याकडे ते रुजू झाले, आणि टाटा निधीच्याच साहाय्यानें विश्वकिरणांच्या अभ्यासाचा एक लहानसा विभाग चालवूं लागले. हायट्लर यांच्याबरोबर १९३७ सालीं लिहिलेल्या विश्वकिरण-वर्षावाच्या निबंधानें त्यांचें नांव युरोपांत झालें होतें. १९४१ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. म्हणजे चंद्र अगदींच नव्हते असें नाहीं. पण ते मागत होते तें या चंद्रांच्या मानानें फार मोठें होतें. मूलभूत पदार्थविज्ञानाचें एक सबंध संशोधनपीठ त्यांना हवें होतें, आणि त्याची धुरा आपल्याकडे असावी हें त्यांनीं गृहीतच धरलें होतें.

पत्राची मांडणी पाहा. पहिली लक्षांत भरणारी गोष्ट अशी कीं, त्यांत आर्जव नाहीं. मागणाराचा हात पुढें आहे, पण मान खालीं नाहीं. मूलभूत प्रश्नांवर काम करणारें एकहि मोठें पीठ देशांत नाहीं, या उणिवेपासून युक्तिवाद निघतो. मग देशभर विखुरलेले चांगले संशोधक येतात. एका ठिकाणीं आणि योग्य मार्गदर्शनाखालीं ते आले तर आजच्यापेक्षां सरस काम करतील, असें भाभा म्हणतात. मग उद्योगधंद्यांशीं संबंध जोडला जातो. कारण पत्र वाचणारे विश्वस्त हे उद्योगपतींच्या घरचे, त्यांना शुद्ध विज्ञानाची थोरवी सांगून भागणार नाहीं, तर उपयुक्त विज्ञानाची प्रत शुद्ध विज्ञानावर कशी अवलंबून आहे हें सांगावयास हवें. आणि त्यानंतर, ‘शिवाय’ म्हणून, तें सुप्रसिद्ध वाक्य येतें : सुमारें दोन दशकांनीं अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊं लागेल, तेव्हां हिंदुस्थानाला तज्ज्ञांसाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, अशा आशयाचें.

हें वाक्य हिरोशिमाच्या सतरा महिने आधींचें आहे, आणि शिकागोस १९४२ च्या डिसेंबरांत सिद्ध झालेली साखळी-प्रक्रिया त्या वेळीं गुप्त होती. म्हणून भाभांचे चरित्रकार त्याला द्रष्टेपणाचा पुरावा मानतात. आम्हांला या कौतुकांत थोडी अतिशयोक्ति वाटते. युरेनियमच्या अणूचें विदलन १९३९ च्या आरंभींच नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें होतें, आणि त्याचा अर्थ त्या विषयांतल्या कोणाहि जाणत्या माणसाला कळण्यासारखा होता. आमच्या मतें त्या वाक्याचें खरें मोल भविष्यकथनांत नसून त्याच्या कर्मपदांत आहे. भाभा विजेचें वचन देत नाहींत, शोधाचेंहि देत नाहींत. ते माणसांचें वचन देतात. कोणता कण सांपडेल, कोणता सिद्धान्त खरा ठरेल, हें त्यांना ठाऊक नव्हतें आणि ठाऊक असल्याचें सोंगहि त्यांनीं आणलें नाहीं. पण चांगल्या पीठांत वीस वर्षांत चांगलीं माणसें तयार होतात, हें केंब्रिजमध्यें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. वर जो पेंच आम्हीं सांगितला, अज्ञाताविषयीं निश्चित बोलण्याचा, तो त्यांनीं असा सोडविला. आजच्या कित्येक अर्जदारांना ही युक्ति सुचत नाहीं. ते कणाचेंच वचन देऊन बसतात.

वचन खरें झालें का? निम्मेंच, असें म्हणावें लागतें. तुर्भ्याला १९५६ सालीं ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालूं झाली. ती येथल्याच लोकांनीं आंखली व उभारली होती, जरी तिचें इंधन इंग्लंडचें होतें. तारापूरचें वीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें तें मात्र अमेरिकन कंपनीनें बांधून दिलेलें. परदेशाच्या तोंडाकडे पाहावें लागलेंच. भाभा तोंपर्यंत हयात नव्हते. १९६६ च्या जानेवारींत माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून ते गेले.

एवढी स्तुति केल्यावर त्या पत्राचे दोष झांकून ठेवणें टीकाकाराला शोभणार नाहीं. देशांत मोठें पीठ नाहीं, हें विधान कलकत्त्याच्या वाचकाला कसें लागलें असेल? मेघनाद साहा तेथें सायक्लोट्रॉन उभारण्याच्या खटपटींत होते. देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधरी यांनीं बोस इन्स्टिट्यूटमध्यें विश्वकिरणांवर केलेलें काम ‘नेचर’मध्यें आलें होतें. (याच विभा चौधरी पुढें १९४९ सालीं भाभांच्या संस्थेंत आल्या, हा योग मोठा विलक्षण आहे.) अर्जदाराला आपल्यासाठीं रिकामी जागा दाखवावी लागते, आणि ती दाखवितांना शेजाऱ्याच्या घराकडे पाठ फिरवावी लागते, या प्रकाराचा हा जणूं जन्मजात दोष आहे. दुसरा दोष अधिक गंभीर. देशांतलें उपयुक्त संशोधन निकृष्ट आहे याचें सारें खापर शुद्ध संशोधकांच्या अभावावर फोडलें आहे. ‘बहुतांशीं’ म्हटलें असतें तर वाद नव्हता, ‘सर्वस्वी’ म्हटल्यामुळें युक्तिवादाचें वकिलीपत्र झालें. आणि तें ‘योग्य मार्गदर्शन’ कोणाचें? सबंध पत्रांत जो प्रश्न कोणी विचारूं नये अशी योजना आहे, तो हाच. उत्तर सही करणाराच्या नांवांत आहे.

त्या नांवाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या दोराबजी टाटांच्या नांवाचा तो निधि, त्यांच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. दोघेंहि तेव्हां हयात नव्हतीं, पण जे. आर. डी. टाटांशीं भाभांचें बोलणें आधींच झालें होतें आणि त्यांनीं उत्तेजन दिलें होतें. म्हणजे ज्या दारावर थाप पडली तें आंतून निम्में उघडलेलें होतें. पत्रांत जो ताठ कणा दिसतो, ज्याचें आम्हीं वर कौतुक केलें, तो कितपत स्वभावाचा आणि कितपत घराण्याचा? या दोहोंचें पृथक्करण करणें आम्हांला शक्य नाहीं. त्या सुमाराच्या पत्रव्यवहारांत भाभांनीं असेंहि लिहिलें आहे कीं, युद्धानंतर युरोप-अमेरिकेंत जाण्याचा त्यांचा विचार होता, पण योग्य कदर आणि पैसा मिळत असेल तर स्वदेशांत राहून पीठ उभारणें हें कर्तव्य आहे, असें त्यांना अधिकाधिक वाटूं लागलें होतें. हें ‘असेल तर’ कांहीं देशभक्तांना खटकतें. आम्हांला तें पत्रव्यवहारांतलें सर्वांत प्रामाणिक पद वाटतें. कर्तव्याला अट जोडण्याची मुभा मात्र सर्वांना नसते.

संस्था १९४५ च्या जूनमध्यें बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षीं मुंबईस आली. १९ डिसेंबर १९४५ रोजीं गव्हर्नर कोल्व्हिल यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें, तें पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यांत. तो बंगला भाभांच्या नात्यांतल्या एका बाईंच्या घरचा. त्यांचा जन्मच त्या वास्तूंत झालेला. आधीं माणूस निवडावा आणि मग त्याच्याभोंवतीं संस्था बांधावी, हें जर्मनीच्या कैसर विल्हेल्म संस्थेचें सूत्र भाभांना प्रिय होतें. येथें तें सूत्र जन्मघरापर्यंत जाऊन भिडलें.

आतांच्या तरुण अर्जदारापुढें सकलातवाला नाहींत. त्याच्यापुढें समिति आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिलसारखी संस्था २००७ पासून तरुण संशोधकांना स्वतंत्र गटासाठीं पांच-पांच वर्षांचें साहाय्य देत आली आहे. आपल्याकडे परदेशांतून परतणाऱ्या संशोधकांसाठीं २००६ च्या सुमारास रामलिंगस्वामी यांच्या नांवाची शिष्यवृत्ति सुरू झाली. अर्ज छापील चौकटींत, पृष्ठांची मर्यादा ठरलेली, परीक्षक बहुधा अनोळखी, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटांची मुलाखत. हा फरक आम्ही लाभाचाच समजतों. समितीला आत्या नसते. पण समितीला कानहि नसतो. चौकटींत उत्तर पडलें कीं नाहीं एवढेंच तिला दिसतें, अशी तक्रार ज्यांच्या-ज्यांच्याकडून ऐकावी त्यांच्याकडून ऐकूं येते.

या अर्जदारासाठीं आतां मार्गदर्शक पुस्तकेंहि झालीं आहेत. त्यांत विशेष नांव आहे तें ‘मेकिंग द राइट मूव्ह्ज’ या पुस्तकाचें. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि बरोज वेलकम फंड या दोन अमेरिकन संस्थांनीं २००२ सालीं नवशिक्या गटप्रमुखांसाठीं एक वर्ग भरविला. त्यांतून तें निघालें, आणि २००६ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. पद कसें मिळवावें, वाटाघाट कशी करावी, पहिला विद्यार्थी कसा पारखावा, वेळ कसा राखावा, मदतीचा अर्ज कोणत्या क्रमानें लिहावा, हें सारें त्यांत आहे. भाषा औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखी. पण औषध खरें आहे. शास्त्रज्ञाला दहा वर्षें प्रयोग शिकवितात, आणि अकराव्या वर्षीं माणसें, पैसे आणि भांडणें त्याच्या हवालीं करतात. ती शिकवण कोणीच देत नाहीं, ही उणीव या पुस्तकानें ओळखली. आमचा आक्षेप एवढाच कीं, अर्ज कसा लिहावा हें सांगतांना काय लिहावें याची वाट तें फारशी दाखवीत नाहीं.

तें काम एका छोट्या निबंधानें केलें आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचे उरी अॅलन यांनीं २००९ सालीं ‘मॉलिक्युलर सेल’मध्यें चांगला शास्त्रीय प्रश्न कसा निवडावा यावर चार गोष्टी लिहिल्या. प्रश्न किती सुकर आणि उत्तरानें ज्ञानांत किती भर पडेल, हे दोन अक्ष घेऊन ते प्रश्न मांडून दाखवितात. नव्या माणसानें तीन महिने तरी कोणत्याहि प्रश्नाला बांधून घेऊं नये असें सांगतात. आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातांना मध्यें एक ढग लागतो, जेथें सारें गृहीत चुकतें आणि दिशा सुचत नाहीं, तो ढग हा संशोधनाचा अपघात नसून त्याचा गाभा आहे असें म्हणतात. गद्य साधें, स्वर मित्राचा. वाचून संपवितांना मनांत येतें कीं, कोणत्याहि समितीच्या छापील अर्जांत या ढगासाठीं एकहि चौकट नाहीं. ‘धोके व त्यांवरील उपाय’ अशी चौकट असते. पण तींत अर्जदार जे धोके लिहितो ते सारे आधींच परतवून लावलेले असतात. परीक्षकाला हें ठाऊक असतें, आणि परीक्षकाला ठाऊक आहे हें अर्जदारालाहि ठाऊक असतें.

समित्यांना आपल्या उणिवा कळत नाहींत असें नव्हे. नियतकालिकाच्या मानांकावरून माणसाची किंमत करूं नये असा जाहीरनामा सॅन फ्रॅन्सिस्कोहून २०१२ मध्यें निघाला. २०१९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें निबंधांच्या यादीऐवजीं आपलें कार्य स्वतःच्या शब्दांत सांगावयाचा एक नमुना काढला. म्हणजे वळसा घेऊन आपण पुन्हां पत्राकडेच आलों. पण नमुना बदलल्यानें वाट लहान झाली नाहीं. अमेरिकेंत १९८० च्या सुमारास संशोधकाला पहिलें मोठें स्वतंत्र साहाय्य सरासरीनें छत्तिशीच्या आसपास मिळे. पुढच्या तीस वर्षांत तें वय चाळिशीपलीकडे गेलें. चौतिसाव्या वर्षीं सबंध पीठ मागणारे भाभा आज कोणाच्या तरी प्रयोगशाळेंत दुसरी उमेदवारी करीत असते.

आणि हें सारें लिहून झाल्यावर ज्या अर्जाची गोष्ट मनांतून जात नाहीं, ती भाभांची नव्हे. त्याच बंगलोरच्या संस्थेंत, भाभा येण्याच्या सहा वर्षें आधीं, १९३३ सालीं मुंबईच्या कमला भागवत यांनीं प्रवेशासाठीं अर्ज केला. विद्यापीठाच्या रसायनाच्या परीक्षेंत त्या पहिल्या आल्या होत्या. आपल्या वाचकांस त्यांची ओळख दुर्गाबाई भागवतांची बहीण म्हणून, किंवा पुढच्या कमला सोहोनी म्हणून असेल. संचालक रामन यांनीं अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री. कमलाबाईंनीं तें मानलें नाहीं, त्या अडून बसल्या, आणि अखेर एक वर्ष परीक्षेखातर ठेवण्याचें ठरलें : काम संचालकांच्या पसंतीस उतरेपर्यंत त्याला मान्यता नाहीं, आणि पुरुष संशोधकांचें चित्त त्यांच्यामुळें विचलित होतां कामा नये. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें, आणि पुढें इतर मुलींनाहि तेथें प्रवेश मिळूं लागला.

आम्हीं वर अर्जाच्या रचनेविषयीं जें जें लिहिलें, उणीव कशी दाखवावी, वचन कशाचें द्यावें, वाचणारा कसा ओळखावा, त्यांतलें एकहि या प्रसंगीं उपयोगी पडलें नसतें. येथें अर्ज वाचलाच गेला नाहीं. नांव तेवढें वाचलें गेलें. भाभांच्या पत्रांत सहीनें जें केलें, तेंच येथेंहि सहीनेंच केलें, फक्त उलट्या दिशेनें. केंब्रिजला गेल्यावर याच बाईंनीं वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असतें हें दाखवून दिलें, आणि १९३९ मध्यें डॉक्टरेटसाठीं अवघा चाळीस पानांचा प्रबंध सादर केला. स्वतंत्र विभाग त्यांच्या हातीं आला तो दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजमध्यें. तेथून कुन्नूरची पोषणसंशोधनशाळा आणि मग मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. त्यांच्या प्रयोगांचे विषय होते डाळी, दूध आणि नीरा. दोन दशकांनंतरच्या विजेचें वचन त्यांत कोठेंच नव्हतें.

मराठींत अशा पत्रांचा एखादा संग्रह अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणी प्रकाशकानें तो काढावयाचें मनावर घेतलें तर भाभांचें पत्र त्यांत पहिलें असेलच. पण त्याच्या समोरच्या पानावर १९३३ चा हा प्रसंग, त्याच्या अटींसकट, छापावा एवढी आमची सूचना आहे.